गोष्ट तुमची, गर्दी माझी

धारूर,
४ नोव्हेंबर २०२४

चि. वनमाला हिस,
सिद्धेश्वर गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

कालच्या पुरवणीतला साठावा भाग पाहिला. साठ रविवार आपली ‘बद्रीनाथची गिरणी’ न थांबता चालली, हे खरं वाटत नाही. संपादक बबनराव सुरुवातीला काय म्हणाले होते, आठवतं? म्हणे, काळात मागं नेणारं यंत्र म्हणून पिठाची गिरणी कोण मानेल? आता त्यांनाच लोक रस्त्यात गाठून विचारतात, की बद्रीनाथ आणि त्याची पुतणी संस्कृती पट्टा उलटा चढवून पुढच्या रविवारी कोणत्या साली उतरणार.

तुझा हात आता चांगला बसलाय. संस्कृतीच्या केसांवर उडालेलं पीठ तर इतकं खरं आलंय, की निवृत्तीनंतर टाकलेल्या माझ्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं पेपर झटकून पाहिला. कड्याच्या शाळेत तू माझ्या पाठीमागून फळ्यावर माझंच चित्र काढायचीस, तेव्हा दोन छड्या कमी मारल्या हे बरंच झालं.

आता तक्रार. आपला करार पहिल्या दिवसापासून आहे: गोष्ट माझी, गर्दी तुझी. मुख्य माणसं मी लिहीन तशी, मागची माणसं तुझ्या मनाची. त्यात मी कधी नाक खुपसलं नाही. पण मागच्या गर्दीत एकच पोरगा मला सारखा दिसतोय. चौकड्याचा शर्ट, कपाळावर आलेले केस. धारूरचा किल्ला बांधणाऱ्या गवंड्यांत तोच, निजामाच्या करोडगिरी म्हणजे जकात नाक्यावर झडती देणाऱ्यांत तोच, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांतही तोच. चारशे वर्षं एकच पोरगा कसा जगेल? हा आळस म्हणायचा. वाचकाच्या लक्षात यायच्या आत त्याला काढून टाक.

आईला नमस्कार सांग.

तुझे,
सिद्धेश्वर गुरुजी

❖

कडा,
११ नोव्हेंबर २०२४

ती. गुरुजींना,
वनमालाचा सा. नमस्कार.

गुरुजी, मी आळशी आहे हे तुम्ही शाळेतच सांगितलं होतं, त्यामुळे ते मनाला लागलं नाही. लागलं ते दुसरंच. तुम्ही त्याला ओळखलं कसं नाही? तो अमर आहे. माझा भाऊ अमरसिंह. दोन वर्षं तुमच्या वर्गात खिडकीजवळ बसत होता.

तुम्हाला सगळं माहीतच आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण आमच्या घरात हे कुणी बोलत नाही. नऊ वर्षांपूर्वी आमचे वडील, दादा, ग्रामपंचायतीला उभे होते. समोर अंगणवाडीच्या शिवकन्याबाई. दादा दोन मतांनी पडले. गाव म्हणू लागलं, अर्जुनराव पडले आणि तेही एका अंगणवाडीवाल्या बाईपुढं! ओसरीवर माणसं जमलेली. त्यांच्यासमोर दादांनी अमरला सहज विचारलं, “तू कुनाला दिलंस बे?” अमर एकोणीस वर्षांचा. खोटं बोलता येत नव्हतं त्याला. म्हणाला, “शिवकन्यामावशीला.” दादा म्हणाले, “आजपासून मला पोरगा न्हाई.” त्या संध्याकाळी अमर घरातून गेला तो गेलाच.

आम्ही नगर पालथं घातलं, पुण्यात दोनदा जाऊन आलो. कड्याची पोरं जातात ती तिकडंच. काही कळलं नाही.

म्हणून मी त्याला गर्दीत काढते. पेपर कुठं कुठं जातो, एखादा कागद पुडीला बांधून कुणाच्या हाती पडेल, काय सांगावं. दुसरं कारण आई. माझं सासर गावातच, रविवारी सकाळी मी पुरवणी घेऊन तिच्याकडे जाते. तिला वाचता येत नाही. ती चष्मा लावते आणि बोट फिरवत विचारते, “आज कुठं हाय त्यो?” सापडला की म्हणते, “लई वाळलाय.” मी दुसऱ्या रविवारी त्याला थोडा जाड काढते.

दादाही पाहायचे. ते बोलून दाखवायचे नाहीत, पण पेपर रद्दीत गेला तरी पुरवणी त्यांच्या उशाखाली असायची. मागच्या वर्षी दिवाळीनंतर ते गेले, तेव्हा गादी उचलली तर खाली नऊच्या नऊ भाग निघाले.

गुरुजी, अमरला राहू द्या. आणि एक मागते. बद्रीनाथला एकदा त्या संध्याकाळच्या कड्याच्या स्टँडवर उतरवा. त्याला अमरचा हात धरून घरी आणू द्या. कागदावर तरी.

तुमची,
वनमाला

❖

धारूर,
२० नोव्हेंबर २०२४

चि. वनमाला हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. वाईट वाटलं. पण गोष्टीला नियम असतो. बद्रीनाथ मागं जाऊ शकतो, पाहू शकतो, लोकांशी बोलू शकतो, पण घडलेलं बदलू शकत नाही. साठ भाग आपण हे पाळलं. करोडगिरी नाक्यावर तो एका निरपराध माणसाचे फटके थांबवू शकला नाही, म्हणून परळीहून एका बाईंचं रडून लिहिलेलं पत्र आलं. आता एकाएकी तो बीडच्या गाडीत बसलेल्या पोराला खाली उतरवू लागला, तर त्या बाई विचारतील, की चित्रं काढणारीचा भाऊ तेवढा भाऊ आणि आमचा कोणी नाही?

गर्दीतही त्याला नको. घरचं दुःख पेपरात मांडू नये, लोक चघळतात. बबनरावांनाही मी तसं कळवलं आहे. तुला वाटेल गुरुजी कठोर झाले, पण माझ्या वयाच्या माणसाचं थोडं ऐकावं.

चौसष्टाव्या भागाची संहिता सोबत आहे. त्यात फार गर्दी नाही.

सिद्धेश्वर गुरुजी

❖

कडा,
२ डिसेंबर २०२४

ती. गुरुजींना,
सा. नमस्कार.

तुमचं ऐकलं. कालच्या भागात अमर नव्हता.

आईनं पेपर तीनदा उलटा-सुलटा केला. चष्मा पदरानं पुसला. जाहिरातीतल्या माणसांतसुद्धा शोधलं. मग मला म्हणाली, “आज न्हाई आला. कावून न्हाई आला?” मी म्हणाले, जागा नव्हती आई. ती म्हणाली, “एवढाल्या कागदावर माझ्या लेकरापुरती जागा न्हाई व्हय?” आणि दिवसभर जेवली नाही.

आता माझा प्रश्न. मी तुमचं पत्र इतके दिवस परत परत वाचतेय. तुम्ही लिहिलंय, ‘बीडच्या गाडीत बसलेल्या पोराला’. मी बीड लिहिलं नव्हतं. आम्ही सगळे नऊ वर्षं नगर-पुण्याच्या वाटेकडं बघत बसलो. तो बीडच्या गाडीत बसला हे आमच्या घरात आजही कुणाला माहीत नाही.

तुम्हाला कसं माहीत?

वनमाला

❖

धारूर,
१० डिसेंबर २०२४

चि. वनमाला,

तुझ्या पत्राला उत्तर देता येत नाही. का देता येत नाही, तेही लिहिता येत नाही. अडुसष्टाव्या भागाची संहिता पाठवतो. मी लिहिली तशी काढ.

चौकट १. कड्याचं स्टँड, नऊ वर्षांपूर्वीची संध्याकाळ. बद्रीनाथ आणि संस्कृती रसवंतीच्या आडोशाला उभे. संस्कृती: “काका, तो बघा.”

चौकट २. बाकड्यावर चौकड्याच्या शर्टातला पोरगा. हातात काही सामान नाही. त्याच्याशेजारी एक म्हातारा मास्तर, विद्यार्थ्याच्या लग्नाहून परतलेला, टोपीवर अजून अक्षता. मास्तरचं तोंड माझ्यासारखं काढ. फळ्यावर काढायचीस तसं. नाक मोठं राहू दे.

चौकट ३. मास्तर कागदावर एक पत्ता लिहून देतो आहे. मास्तर: “हे माझे साडू, परमेश्वर. बिदरला भांड्यांचं दुकान आहे. चार दिवस राहा, डोकं शांत झालं की परत ये.”

चौकट ४. पोरगा: “गुरुजी, म्या सोताहून घरी जाईस्तोवर कुनाला सांगायचं न्हाई. ना तोंडानं, ना चिठ्ठीनं. शपथ घ्या.” मास्तरचा हात सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या इष्टलिंगावर.

चौकट ५. बीडची गाडी निघाली आहे. मास्तर एकटाच. त्याला वाटतंय, चारच दिवसांची तर गोष्ट आहे.

चौकट ६. संस्कृती: “काका, मास्तरला सांगा ना, ही शपथ घेऊ नका म्हणून!” बद्रीनाथ: “सांगून उपयोग नाही, बाळा. त्यानं घेतली.”

वनमाला, शपथ तोंडाची आणि चिठ्ठीची होती. चित्रकथेचं त्यात काही ठरलं नव्हतं. तो चौकड्याचा शर्ट मी पहिल्याच रविवारी ओळखला होता.

सिद्धेश्वर

❖

कडा,
१९ डिसेंबर २०२४

गुरुजी,

संहिता परत पाठवते. मी हे काढणार नाही. बबनरावांना कळवलंय, गिरणी बंद आहे म्हणून छापा.

दादांच्या मातीला तुम्ही आला होता. तुम्ही खांदा दिलात. माझ्या आईच्या शेजारी तासभर बसलात आणि म्हणालात, धीर धरा वहिनी. तेव्हा तुमच्या गळ्यात ते लिंग होतं आणि पोटात माझा भाऊ होता. दादांच्या तोंडात पाणी घालायला पोरगा पाहिजे म्हणून आई दारात जाऊन जाऊन येत होती, आणि बिदर काही विलायतेत नाही.

एकोणीस वर्षांच्या पोरानं रागात मागितलेली शपथ. तुम्ही साठीचे होता. तुम्हाला कळायला नको?

मी तुमच्यामुळे चित्रं काढायला शिकले. ते आता आठवू नये असं वाटतं.

वनमाला

❖

हुमनाबाद,
१५ जानेवारी २०२५

चि. वनमाला हिस,

हे पत्र फाडून टाकायच्या आधी एवढं वाच: अमर सापडला. धडधाकट आहे.

तू लिहिलंस त्यातला एक शब्दही खोटा नाही. शपथ मोठी वाटली, कारण ती पाळायला मला काहीच करावं लागत नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पहिली दोन वर्षं साडूच्या दुकानातून त्याचा फोन यायचा. मी म्हणायचो, घरी जा. तो म्हणायचा, जरा काहीतरी बनू द्या. मग तो तिथून निघून गेला, फोन बंद झाला, साडूही वारले. मी त्याला शोधायला गेलो नाही. शोधू नकोस अशी काही शपथ नव्हती. भीती वाटली, दुसरं काय. तो सापडला नाही तर तुम्हाला काय तोंड दाखवू, म्हणून मी शोधलंच नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी देवघरात बसलो, हातात लिंग घेतलं आणि म्हणालो, महादेवा, तुझ्यावर हात ठेवून दिलेला शब्द मी मोडतोय, काय शिक्षा द्यायची ती मला दे. मग दुकान बंद केलं आणि लातूरची गाडी धरली. बिदरला साडूचा मुलगा केदारनाथ भेटला. त्याला एवढंच ठाऊक होतं, की अमर हुमनाबादला कुणाकडे तरी मोटारी भरायला, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायला शिकला. मग चार दिवस मी हुमनाबादेत पाण्याच्या मोटारी भरून देणारी दुकानं हिंडलो. मोडक्या कानडीत विचारायचो, लोक मला गिऱ्हाईक समजून मोटार कुठंय विचारायचे.

पाचव्या दिवशी एका शेडमध्ये तांब्याची तार गुंडाळत बसलेला माणूस मान वर करून म्हणाला, “गुरुजी, तुमी?” मी ओळखलं नाही गं. तुझ्या चित्रातले कपाळावरचे केस आता राहिले नाहीत, चांगलं टक्कल पडलंय. लग्न केलेलं नाही. म्हणतो, सोयरीक घेऊन आलेले पहिलं विचारतात की घरी कोण कोण असतं, आणि तिथंच माझं थांबतं.

दादांचं मीच सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. हातातली मोटार पूर्ण भरली, गिऱ्हाइकाला चालवून दाखवली आणि मग मागच्या नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभा राहिला.

संध्याकाळी त्याला सगळी कात्रणं दिली. त्यानं एकेक भाग पाहिला. किल्ल्याच्या गवंड्यांत स्वतःला पाहून हसला. म्हणाला, “वनूनं मला पाट्या वाहायला लावल्या.” दुष्काळाच्या भागापर्यंत आला आणि मला म्हणाला, “गुरुजी, ह्यात म्या जाड कावून झालो?” मी तुझ्या आईचं सांगितलं, ‘लई वाळलाय’ म्हणाली ते. तेव्हा मात्र तो रडला. मीही रडलो. शेडचा मालक आमच्याकडं बघत चहा घेऊन उभा.

तो यायला तयार आहे, पण घाबरतो. म्हणतो, माझ्या एका मतापायी दादा पडले, त्याच दुखण्यात गेले, आई मला दारात घेईल का? मी म्हणालो, ते तिलाच विचार.

पंचवीस तारखेला मी त्याला बीडपर्यंत आणून कड्याच्या गाडीत बसवतो. मी पुढं येणार नाही. तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा मला हक्क राहिलेला नाही. गिरणी बंद केलीस ते योग्यच केलंस.

सिद्धेश्वर

❖

कडा,
३ फेब्रुवारी २०२५

ती. गुरुजींना,
सा. नमस्कार.

आठ दिवस मुद्दाम लिहिलं नाही. राग कमी झाला का ते पाहत होते. थोडा झालाय. सगळा जाणार नाही, हे तुम्ही धरून चाला.

अमर पंचवीसला चार वाजता आला. आईला मी काही सांगितलं नव्हतं, कारण तो आलाच नसता तर? ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. दारात माणूस पाहून म्हणाली, “कोन पायजे, बाबा?” गुरुजी, चूक माझीच. मीच तिला दर रविवारी एकोणीस वर्षांचा अमर दाखवत राहिले. हा टकला माणूस तिनं कुठून ओळखायचा? अमरनं चपला काढल्या. मग म्हणाला, “आई, म्या हाय.” आवाज तिनं ओळखला. सूप तसंच उलटं झालं. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत एवढंच म्हणत होती, “केस कुठं गेले रे, तुझे केस कुठं गेले?”

तिन्हीसांजेला तो दादांच्या फोटोपुढं जाऊन बसला. दोन्ही कान धरले आणि म्हणाला, “दादा, माझ्यापायी झालं. त्ये मत म्या द्यायला नको होतं.” आई चुलीपाशी होती. ती उठून आली. मला वाटलं, त्याला उठवायला आली. ती त्याच्या शेजारी बसली आणि फोटोकडं बघून म्हणाली, “म्या बी दिलतं.”

आम्हाला कळेचना. ती म्हणाली, “शिवकन्येला म्या बी मत दिलतं. बाईमानूस पहिल्यांदा उभी राह्यली होती, बटन दाबताना माझा हात तिकडंच गेला. ह्यांनी पोराला इचारलं, मला इचारलंच न्हाई. बायकूला काय इचारायचं? पोरगं खरं बोलून घराबाहेर गेलं आन् म्या भाकरी थापीत बसले. तवा तोंड उघडलं असतं तर त्यो कशाला गेला असता?”

नऊ वर्षं! माझ्यापासूनही लपवलं. दर रविवारी ती बोट फिरवून त्याला शोधायची ते कशामुळे, ते मला त्या संध्याकाळी कळलं. अमर तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा पडून राहिला. मी मात्र उठून अंगणात गेले. एका महिन्यात दोन माणसांवर इतकं रागवायची मला सवय नाही.

रात्री जेवताना अमरनं तुमचं सगळं सांगितलं. शपथ, बिदर, हुमनाबादेतले पाच दिवस, आणि बीडला गाडी सुटेपर्यंत तुम्ही खिडकीची सळई धरून उभे होता तेही. मला वाटलं, आई आता तुमच्या नावानं बोटं मोडणार. तिनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, “मास्तरला लिही, जेवाया ये म्हनावं. म्या त्याला कोन्या तोंडानं बोलू? आमी दोघं एकाच पंगतीतले.”

तेव्हा गुरुजी, तुम्ही यायचं आहे. हक्क आहे की नाही ते आई ठरवील, तुम्ही नाही. पुढच्या मंगळवारी सकाळच्या गाडीनं निघा. स्टँडवर अमर उभा असेल.

तुमची,
वनमाला